ग्रंथपाल मॅडमना, पळसाच्या पानासाठी

आदरणीय मॅडम,

सविनय नमस्कार.

माझा लघुशोधप्रबंध मागच्या आठवड्यात विद्यापीठाकडे सादर झाला. त्याच्या ऋणनिर्देशात आपला उल्लेख एका ओळीत आला आहे. ती ओळ मलाच अपुरी वाटते, म्हणून हे पत्र.

एम.एड.च्या पहिल्या वर्षी मी आपल्या टेबलाशी आले, तेव्हा माझ्या पेनड्राइव्हमध्ये पाचवीच्या परिसर अभ्यासासाठी केलेल्या कृतिपत्रिका होत्या. निम्मी पाने बालभारतीच्या पीडीएफमधून उचललेली, उरलेली परदेशी संकेतस्थळांवरून. ‘सगळे मोफत आहे, मॅडम,’ असे मी अभिमानाने सांगितले. आपण काही न बोलता बालभारतीचे पुस्तक काढलेत आणि सुरुवातीच्या पानावरील बारीक अक्षरांवर बोट ठेवलेत: सर्व हक्क मंडळाकडे राहतील, लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही. दहा वर्षे ही पुस्तके शिकूनही मी ती ओळ कधी वाचली नव्हती. (बहुधा कोणीच वाचत नसावे.)

मुक्त शैक्षणिक संसाधने, म्हणजे कोणालाही मोफत वापरता आणि बदलता यावे अशा मुभेसह खुले केलेले शिकण्याचे साहित्य; ही संज्ञा युनेस्कोच्या 2002 मधील बैठकीतून पुढे आली आणि 2019 मध्ये युनेस्कोने त्यावर शिफारस स्वीकारली, हे मला पाठ होते. जवळ ठेवणे, वापरणे, बदलणे, इतर साहित्यात मिसळणे आणि वाटणे या पाच मुभाही मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. मात्र मला फार आवडलेल्या एका कृतिपत्रिकेखाली क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची (निर्माता आपले साहित्य कोणत्या अटींवर इतरांना खुले करतो, हे सांगणाऱ्या परवान्याची) ‘एनडी’ ही अक्षरे होती, त्यांचा अर्थ आपण सांगितलात: ती आहे तशी वाटता येईल, मराठीत आणून वाटता येणार नाही, कारण भाषांतर हाही बदलच. इंग्रजीतून शिकवणाऱ्याला ही दोन अक्षरे कदाचित खटकणारही नाहीत; मराठीतून शिकवणाऱ्याचे काम मात्र तिथेच अडते.

मग आपणच ‘बाय-एसए’ परवान्याची, म्हणजे मूळ निर्मात्याचे नाव देऊन बदलता येईल पण बदललेली प्रत त्याच परवान्याने वाटावी लागेल अशी, झाडांच्या पानांच्या आकारांवरची एक पत्रिका शोधून दिलीत. तीत मेपल आणि ओक होते. परवान्याने मुभा दिली होती, म्हणून मी त्यांच्या जागी आपटा, पिंपळ आणि पळस आणले. जिल्हा परिषदेच्या शाळेत पळसाची डहाळी दाखवून ‘यावर पान किती?’ असे विचारताच ‘पळसाला पाने तीनच’ असा एकच गलका झाला. तेव्हा देठ जिथे फांदीला जुळतो तिथली बारीक कळी शोधायला सांगितली. तिन्ही दले एकाच देठावर आणि देठाच्या बुडाशी कळी एकच, म्हणजे पानही एकच, हे मुलांनी ताडले. त्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘मग म्हण चुकली का?’ माझी तारांबळ उडाली खरी, परंतु मेपलच्या चित्रावरून हा प्रश्न कोणी विचारला नसता.

मूळ निर्मात्याचा निर्देश राहिला म्हणून आपण तीन वेळा मसुदा परत केलात, तेव्हा मी मनातून वैतागले होते, हेही इथे कबूल करते.

आता ती पत्रिका त्याच परवान्याने मराठीत खुली झाली आहे. छापील प्रत सोबत जोडली आहे. शेवटच्या पानावरील परवान्याची ओळ या वेळी मी नीट लिहिली आहे. तरी आपण ती आधी तपासाल, हे मला ठाऊक आहे.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी,
एम.एड., द्वितीय वर्ष