पेटंटवरची हरकत विनाशुल्कच हवी

महोदय,

पेटंट म्हणजे नव्या शोधावरचा हक्क. तो मंजूर होण्याआधी हरकत घ्यायला आता शुल्क लागतं; ते का नको, हे माझ्या धंद्यावरून सांगते. कसबा बावड्यात कोर्टाजवळ माझं झेरॉक्स आणि स्कॅनिंगचं दुकान आहे. वकिलांचे कारकून कागद आणतात, मी ते स्कॅन करून मशीनवरूनच मेलवर पाठवते. नेमक्या याच कामासाठी अमेरिकेत ‘एमपीएचजे’ नावाच्या कंपनीने हजारो छोट्या व्यावसायिकांना पत्रं धाडली होती : पेटंट आमचं आहे, दर कामगारामागे हजारेक डॉलर भरा. स्वतः ती एकही मशीन बनवत नव्हती. फसव्या पत्रांना तिथल्या व्यापार आयोगाने २०१४ मध्ये चाप लावला. पण पेटंट पाडायला रिको, झेरॉक्स, लेक्समार्क अशा बड्या कंपन्यांना उतरावं लागलं. झेरॉक्सच्याच जुन्या कागदपत्रांत ही पद्धत होती, त्यामुळे नवं असं काही नाही, जाणकाराला ते सहज सुचलं असतं, असा त्यातल्या एका पेटंटवरचा निर्णय फेब्रुवारी २०१७ मध्ये अपिलातही टिकला. तोही दोन विरुद्ध एक मतांनी!

माझं मशीन रिकामं राहिलं की झोपतं, प्रिंट आली की जागं होतं. वीज वाचवणारी ही सोय आता सगळीकडे आहे. उद्या तिला एखादी जुनीच सोय जोडून कुणी पेटंट मागितलं, तर हरकत कोण घेणार?

आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम २५(१) त्यासाठीच आहे. पेटंट मंजूर होण्याआधी कोणीही लेखी हरकत घेऊ शकतं. त्याला शुल्क नव्हतं. मार्च २०२४ च्या नियमदुरुस्तीने ते लावलं, शिवाय हरकत ऐकण्याजोगी आहे का, हे आधी पेटंट कार्यालयाचा अधिकारीच ठरवणार. खोट्या हरकतींनी अर्ज रखडतात, हे मला मान्य आहे. त्यांना दंड करा. पण ज्याच्याकडे खरा पुरावा आहे त्याने आधी पैसे का मोजायचे? जुन्या मशीनच्या पुस्तिका आमच्या मेकॅनिकांच्या कपाटात पडून असतात. कुठली सोय कधीपासून आहे, हे त्यांना तोंडपाठ असतं. असा माणूस स्वतःच्या खिशातून शुल्क भरून हरकत घ्यायला जाणार नाही, आणि पेटंट कार्यालयाला तो पुरावा कधी दिसणारच नाही.

केंद्र सरकारने व्यक्ती आणि सूक्ष्म उद्योगांसाठी हे शुल्क रद्द करावं आणि मराठीतल्या पुराव्यासाठी भाषांतराची सोय कार्यालयानेच करावी.

– झेरॉक्स व्यावसायिक, कसबा बावडा, कोल्हापूर