कॉटेजचे स्वयंपाकघर ‘सेट’मध्ये मिळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत इंग्लंडच्या खेड्यांतील ‘कॉटेज’ पद्धतीचे स्वयंपाकघर कसे सजवावे, याविषयी आलेला लेख आवडीने वाचला. ग्लॉस्टरशायर काउंटीत स्ट्राउड गावाजवळ अशाच एका जुन्या दगडी घरात मी एकोणीस वर्षे राहत आहे आणि तिथल्या स्वयंपाकघरात रोज फोडणी देत आहे. लेखासोबतची छायाचित्रे सुरेख आहेत. मात्र मजकुरातील मुख्य सल्लाच मला उलटा वाटला, म्हणून हे पत्र.

लेखिका म्हणतात की, मॉड्युलर किचन करून घेताना सायीच्या रंगाची ‘शेकर’ दारे निवडावीत आणि त्यांना पितळी मुठी लावाव्यात, म्हणजे निम्मे काम झाले. आता ‘शेकर’ हा मुळात मँचेस्टरच्या परिसरात उदयाला आलेला एक धर्मपंथ. त्याच्या नेत्या ॲन ली १७७४ साली मोजक्या अनुयायांसह अमेरिकेला निघून गेल्या आणि ज्या साध्या, चौकटबंद सुतारकामाला आज शेकर म्हणतात, ते तिकडे त्या पंथाच्या वसाहतींत घडले. तेव्हा या दारांना इंग्लिश कॉटेजची खूण म्हणणे बरोबर नाही. पण ही चूक किरकोळ आहे, कारण ती दारे आता इंग्लंडमध्येही घरोघर दिसतात. खरी अडचण ‘मॉड्युलर’ या शब्दात आहे. भिंतीपासून भिंतीपर्यंत सलग ओटा आणि त्याच्या खाली-वर एकाच मापाची कपाटे ही रचना इथल्या सामान्य घरांत दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली. त्याआधीच्या स्वयंपाकघरात ओटा नव्हताच. एका भिंतीशी चूल किंवा कोळशाची लोखंडी शेगडी, खिडकीखाली विटांच्या दोन खांबांवर टेकवलेले खोल पांढरे सिंक, एका बाजूला थाळ्यांची मांडणी आणि मधोमध पाइन लाकडाचे टेबल, इतकेच सामान असे, आणि त्यातली प्रत्येक वस्तू वेगळ्या वेळी, वेगळ्या हातांनी केलेली, अनेकदा दुसऱ्याच्या घरातून आलेली असे. उंची जुळत नाही, लाकूड जुळत नाही, रंग तर नाहीच नाही. हे न जुळणे काढून टाकले की उरते ते फक्त क्रीम रंगाचे मॉड्युलर किचन.

ज्याला इथे ‘ड्रेसर’ म्हणतात, त्याला मी पहिल्या दिवसापासून मांडणीच म्हणते. खाली कपाट, मध्ये खण, वर भिंतीला टेकलेल्या उघड्या फळ्या आणि त्यांवर उभ्या करून ठेवलेल्या निळ्या-पांढऱ्या थाळ्या. या थाळ्यांचे घर म्हणजे इंग्लंडमधले स्टोक-ऑन-ट्रेंट हे शहर. पांढऱ्या मातीवर निळी नक्षी ठशाने उतरवून वरून काचेचा लेप देण्याची पद्धत जोसाया स्पोड यांनी तिथे १७८४ च्या सुमारास पक्की बसवली, आणि त्यांच्या कारखान्याची १८१६ मधली ‘ब्लू इटालियन’ नक्षी आजही बाजारात मिळते. उघड्या फळ्या लावा, असे लेखात म्हटले आहे, ते योग्यच. पण एक गोष्ट अनुभवाने सांगते. ज्या थाळ्या रोज जेवायला घेतल्या जातात, त्या स्वच्छ राहतात. शोभेसाठी वरच्या फळीवर ठेवलेल्यांवर आपल्या फोडणीच्या तेलाचा चिकट थर बसतो आणि दर महिन्याला त्या गरम पाण्याने धुवाव्या लागतात. इंग्रज शेजारणीला हा त्रास नाही, कारण तिच्याकडे मोहरी तडतडत नाही.

सिंक आणि टेबल यांविषयी लेखात एकेकच ओळ आहे. माझ्या मते सर्वाधिक जागा त्यांनाच द्यायला हवी होती. वर सांगितलेले खोल पांढरे सिंक, म्हणजेच ‘बेलफास्ट’ सिंक, भट्टीत भाजलेल्या अग्निरोधक मातीचे, वर पांढऱ्या काचेचा लेप असलेले असते. त्यात स्टीलचे पातेले सरकवले की करड्या रेघा उमटतात, आणि कप हातातून निसटला तर कप गेलाच म्हणून समजावे. मी तळाशी लाकडी पट्ट्यांची जाळी घालून ठेवते. टेबलाचे लाकूड मात्र उघडेच हवे, त्यावर पॉलिश नको. पूर्वी ते सोडा आणि वाळूने घासून पांढरे करीत. आमच्या टेबलावर हळदीची पिवळी गोल खूण पडली, तेव्हा साबण, लिंबू, सोडा सर्व हरले. शेवटी मे महिन्यात सलग चार दिवस ऊन पडले (इकडे तेही नशिबाने मिळते), तेव्हा टेबल उचलून अंगणात ठेवले आणि दुसऱ्या दिवशी खूण जवळजवळ दिसेनाशी झाली. हळद उन्हात विटते, हे आईच्या पातळांवरून ठाऊक होते. टेबलाच्या बाबतीत सुचायलाच उशीर झाला.

‘आगा’ शेगडीला लेखात इंग्लिश ग्रामीण वारसा म्हटले आहे. तिचा आगाखानांशी जसा संबंध नाही, तसा जुन्या इंग्लंडशीही नाही. ‘आगा’ ही एका स्वीडिश कंपनीच्या नावाची आद्याक्षरे आहेत. तिचे जनक गुस्ताफ दालेन यांना दीपस्तंभांच्या स्वयंचलित दिव्यांसाठी १९१२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी एका स्फोटात त्यांची दृष्टी गेली. घरी बसल्यावर पत्नीला चुलीपाशी होणारे कष्ट त्यांना जाणवले आणि १९२२ मध्ये त्यांनी ही शेगडी काढली. ब्रिटनमध्ये ती १९२९ साली आली. तिच्यात ज्योत दिसत नाही. जाड ओतीव लोखंड अहोरात्र तापलेले असते, वरच्या दोन तव्यांपैकी एक प्रखर व एक मंद, आणि त्यांवर उष्णता कोंडून ठेवणारी जड झाकणे. मंद तव्यावर भाकरी थेट टाकता येते, हा शोध मला पहिल्याच हिवाळ्यात लागला. पण ही शेगडी स्वयंपाकाइतकीच घर ऊबदार ठेवण्यासाठी असते. जिथे मार्चपासून पंखा लावावा लागतो तिथे तिची सोडाच, तिच्यासारख्या दिसणाऱ्या शेगडीचीही गरज काय, हे लेखिकेने सांगायला हवे होते. शिवाय ती शोभली खाऊन-पिऊन सुखी शेतकऱ्यांच्या घरांत. मजुराच्या कॉटेजमध्ये तिला परवडणारे कोणी नव्हते.

भिंतींबाबत आमचा स्वतःचा अनुभव कडू आहे. इथल्या जुन्या भिंती दोन-दोन फूट जाडीच्या, भरीव दगडाच्या; मध्ये पोकळी नाही आणि पायात ओल अडवणारा थरही नाही. जमिनीतून आणि पावसातून आलेली ओल चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू बाहेर पडावी, यावरच त्यांचे आयुष्य चालते. आम्ही घर घेतल्यावर एका कंत्राटदाराने सिंकमागील भिंतीला सिमेंटचा गिलावा करून वर प्लास्टिक रंग दिला. पहिला हिवाळा निभावला. दुसऱ्या हिवाळ्यात रंग पापडासारखा फुगला, खाली पांढरा लोणा धरला आणि शेजारच्या तुळईचे टोक बोट रुतेल इतके मऊ झाले. घर दुसऱ्या श्रेणीच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत आहे, आणि अशा वास्तूच्या स्वरूपाला बाध आणणारे काम विनापरवाना करणे हा इथे गुन्हा ठरतो. तेव्हा स्थानिक परिषदेशी रीतसर पत्रव्यवहार करून ते सिमेंट छिन्नीने उतरवले, पुन्हा चुना लावला आणि वरून चुन्याच्याच निवळीचे पाच हात दिले. ती भिंत पावसाळी दिवशी किंचित गडद दिसते आणि कोरड्या दिवशी उजळते. लेखातील ‘ऑफ-व्हाइट इमल्शन’ने हे होणार नाही; आधुनिक सिमेंटच्या भिंतीला इमल्शन लावण्यात काही गैरही नाही, पण मग त्या रंगाला कॉटेजचे नाव देऊ नये.

या सर्वांवर गोडव्याचा जो लेप आहे, तोही थोडा खरवडून पाहावा, असे वाटते. हेलन ॲलिंगहॅम (१८४८–१९२६) यांची सरे काउंटीतील कॉटेजांची जलरंगचित्रे आजही दिनदर्शिकांवर झळकतात. पण त्या काळी शेतमजुराचे घर बहुधा मालकाचे असे आणि काम सुटले की घर सुटे. अशा कुटुंबांना कायद्याने नीट संरक्षण मिळायला १९७६ साल उजाडावे लागले. अनेकांकडे भट्टी नसे, म्हणून रविवारचे मांस भाजायला पाववाल्याकडे नेत. छताला टांगलेल्या वाळलेल्या फुलांच्या जुड्या लेखात आहेत. खऱ्या घरात तिथे, नशीब असेल तर, खारवलेल्या डुकराची मांडी असे.

पुढील रविवारी पडद्यांविषयी लिहिणार असल्याचे लेखाखाली म्हटले आहे, म्हणून एक विनंती. कॉटेजच्या खिडकीवरचे ते फुलाफुलांचे ‘चिंट्झ’ म्हणजे आपले चीट. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीने ते कोरोमंडल किनाऱ्यावरून गठ्ठ्यांनी आणले आणि इथल्या लोकर व रेशीम विणणाऱ्यांचे धाबे दणाणले. १७०० च्या कायद्याने छापील कापडाची आयात रोखली, १७१९ मध्ये लंडनच्या विणकरांनी रस्त्यात बायकांच्या अंगावरचे चिटाचे झगे फाडले, १७२१ मध्ये ते वापरण्यावरही बंदी आली आणि ती १७७४ पर्यंत टिकली. आमच्या घरापासून मोटारीने तासाभराच्या आत असलेल्या बिबरीमधील ‘आर्लिंग्टन रो’ ही पर्यटकांची लाडकी घरांची ओळ १३८० च्या सुमारास लोकरीचे कोठार म्हणून बांधली गेली आणि सतराव्या शतकात तिथे विणकरांना राहायला घरे झाली. आमचे स्ट्राउडही सैनिकांच्या लाल लोकरी कापडासाठी प्रसिद्ध होते. ज्या धंद्याने चिटावर बंदी आणवली, त्याच धंद्यातल्या माणसांच्या खिडक्यांवर आज ते ‘अस्सल इंग्लिश’ म्हणून लटकते आहे. पडद्यांच्या लेखात एवढी हकीकत यावी, आणि कापड घेण्यासाठी वाचकांना परदेशी संकेतस्थळांचे पत्ते देण्याआधी त्याच कोरोमंडल किनाऱ्यावरच्या मच्छलीपट्टणमचे नाव यावे, ही विनंती.

आपली नियमित वाचक,
स्ट्राउड, ग्लॉस्टरशायर