नाना, तुमचा मळका स्पंज अजून चालू आहे

तीर्थरूप नाना यांस,
सा. न. वि. वि.

काल रात्री पिल्लं मोजली. 63 भरली. दीड महिन्याची झालीत, वरखाली पर फुटलेत, आता त्यांच्याकडे बघून कुणीही ओळखेल की हे एंजल मासे आहेत. फोनवर सांगायला गेले तर तुम्ही "बरं झालं माय" म्हणता आणि लगेच पाऊसपाण्याचं काढता. म्हणून लिहायला बसले. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण पिल्लं जगत नाहीत म्हणून टाकी माळ्यावर चढवलेली चार घरं मला एकट्या पाचोऱ्यात माहीत आहेत.

आपली ओळख ती केवढी! दादाचे सासरे आणि तुम्ही भुसावळला रेल्वेत बरोबर होतात, एवढीच. त्या ओळखीवर मी रात्री साडेदहाला तुम्हाला फोन केला आणि रडले.

तोवर तीन विणी गेल्या होत्या. पहिल्या वेळची अंडी जोडीनेच खाल्ली. दुसऱ्या वेळी मी अंडी लागलेली फरशी उचलून वेगळ्या भांड्यात ठेवली, तर दोन दिवसांत सगळ्यांवर कापसासारखी बुरशी. तिसऱ्या वेळी पिल्लं निघाली, पण नर त्यांना तोंडात घेताना दिसला, म्हणून मी घाबरून आई-बाप दोघांनाही बाहेर काढलं. पिल्लं पोहायला लागली तेव्हा दुकानात सांगितल्याप्रमाणे उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक घातला. तिसऱ्या दिवशी सकाळी तळाशी नुसता पांढरट गाळ होता. ती पिल्लंच होती.

चौथ्या विणीला तुम्ही मला एकच काम दिलंत: पाण्यात हात घालायचा नाही, खुर्ची घेऊन समोर बसायचं आणि नर तोंडात घेतलेलं पिल्लू कुठे नेतो ते बघायचं. मी अर्धा तास बसले. पानाला डोक्याने चिकटून शेपट्या वळवळवणाऱ्या त्या गर्दीतून एखादं सुटून खाली पडायचं. नर सूर मारून त्याला तोंडात घ्यायचा, क्षणभर तोंड हलवायचा, आणि परत पानावर नेऊन फुंकर घातल्यासारखं चिकटवायचा. मादी बाजूला परांनी वारा घालत होती. ज्या बापाला मी पिल्लं खाणारा ठरवून बादलीत टाकलं होतं, तो हेच करत होता. नाना, त्या अर्ध्या तासासाठी मी तुमची जन्माची ऋणी आहे.

नव्या जोडीने एक-दोनदा अंडी खाल्ली म्हणून ती जोडी वाईट ठरत नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. पांढरं पडलेलं अंडं मेलेलं असतं, त्याची बुरशी शेजारच्याला धरते, आणि ते उचलायचं काम आई-बाप माझ्या ड्रॉपरपेक्षा कितीतरी नीट करतात. वेगळंच वाढवायचं असेल तर पाण्यात मिथिलीन ब्लू, म्हणजे बुरशी रोखणारं निळं औषध, आणि हवेचा बारीक झोत हवाच. माझ्याकडे दोन्ही नव्हतं.

मग दुसऱ्याच दिवशी तुम्ही आलात. भुसावळहून पॅसेंजरने, उन्हातान्हाचे, हातात स्टीलचा डबा. आईला वाटलं काकूंनी काही करून पाठवलं. डब्यात तुमच्या टाकीतला जुना स्पंज फिल्टर, पाण्यात बुडवलेला, काळपट तपकिरी. मी तो नळाखाली धरायला निघाले आणि तुम्ही माझं मनगटच धरलंत. "धुशील तर मी आलो कशाला?"

ते तुम्ही नंतर ओसरीवर बसून समजावलंत. मळ म्हणून मी जे धुवून टाकत होते, त्यातच ते जिवाणू राहतात. माशांच्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि पुढे नायट्रेट. मी दर रविवारी नळाच्या क्लोरीनच्या पाण्याने फिल्टर लख्ख करायची, म्हणजे दर रविवारी टाकी परत पहिल्या दिवसावर आणायची. त्यात आपलं खान्देशातलं बोअरचं पाणी अल्कधर्मी, आणि वैशाखातली गरमी. पाणी जितकं अल्कधर्मी आणि गरम, तितका त्यातल्या अमोनियाचा विषारी भाग वाढतो. मोठा मासा कसाबसा तग धरतो, तीन दिवसांचं पिल्लू नाही. मी आपली पाण्याच्या जडपणालाच दोष देत बसले होते. तुम्ही म्हणालात, हे मासे मूळचे ॲमेझॉनकडचे, तिथलं पाणी हलकं, हे खरं. पण आपल्याकडे मिळणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या टाकीतच गेल्यात, त्यांना आपलं पाणी चालतं. घाण चालत नाही.

वरचा मोठा फिल्टर बंद केला, कारण तो पिल्लं ओढून घ्यायचा. तुमचा स्पंज लावला.

पिल्लांच्या खाण्याला आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीच्या जातीचे बारीक जीव. त्यांचं तर मला वेडच लागलं. लिटरभर पाण्यात 25 ग्रॅम मीठ, चिमूटभर अंडी, उलटी टांगलेली बाटली, तळातून हवा, आणि साधारण 24 तासांत पाणी केशरी. हवा बंद केली की टरफलं वर तरंगतात, जिवंत आर्टेमिया उजेडाकडे गोळा होतात. नळीने काढायचे, गोड्या पाण्यात गाळून घ्यायचे, मग घालायचे. पिल्लं सुटी पोहायला लागली त्या सकाळी मी पहिला ड्रॉपर सोडला. दहा मिनिटांनी भिंग लावलं, तर काचेसारख्या त्या जिवांच्या पोटात एकेक केशरी ठिपका. मी आईला हाक मारून दाखवलं. ती देवघरातून तशीच उठून आली.

दिवसातून चारदा, थोडं थोडं, आणि उरलेलं तासाभरात नळीने बाहेर, हा तुमचा नेम मी अजून मोडलेला नाही. वीज रात्री दोनला गेली तेव्हा तुम्ही सांगितल्याप्रमाणे मगने पाणी काढून बारीक धारेने परत सोडत बसले, टाकीभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं. गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी, त्यात पंप बंद. त्या रात्री नऊ पिल्लं गेली. तुम्ही म्हणालात नऊच गेली. मला त्या नवांचं अजून वाईट वाटतं, ते तसंच राहू द्या.

जाताना बाजारात पाटीतली चिलापी दाखवून तुम्ही म्हणालात, ही पण याच कुळातली, मूळची आफ्रिकेतली, 1952 मध्ये आपल्याकडे आणलेली, आणि हिची आई पिल्लं तोंडात सांभाळते, तेवढे दिवस जवळजवळ उपाशी राहते. त्यानंतर मी चिलापी घेतलेली नाही. आई अजून बोलते त्यावरून.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीने येतेय. बारा पिल्लं आणतेय, आदल्या दिवशी उपाशी ठेवून, पिशवीत अर्ध्याहून जास्त हवा भरून, तुम्ही शिकवलंत तशी. तुमचा डबाही आणतेय. आईने त्यात शेंगदाण्याची चटणी भरली आहे, रिकामा कसा पाठवायचा म्हणून. डबा घासून घेतलाय. स्पंजला हात लावलेला नाही.

तुमची,
पाचोऱ्याची लेक