पेणच्या काकांना, अमेरिकेतल्या लुईव्हिलहून

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही ‘अगं, त्यात काय एवढं’ म्हणत विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. आमच्या वस्तीतल्या वाचनालयाबाहेर भोपळ्यांवर कोरलेले शहरातल्या नामवंतांचे चेहरे पाहून ज्यांनी कौतुक केलं, त्यांना यामागे पेणचा हात आहे हे कळायलाच हवं.

गणपती उरकून तुम्ही लेकीकडे विश्रांतीला आला होतात. कारखान्यात जन्मभर मूर्तींच्या डोळ्यांची आखणी केलेल्या माणसाला मी भोपळा कोरायला बोलावलं आणि तुम्ही त्याच संध्याकाळी चष्मा पुसत आलात. येताना छत्रीच्या काड्या घासून केलेल्या कोरण्याही घेऊन आलात!

कृती तशी सोपी वाटते. गर आणि बिया काढायच्या, भिंत आतून खरवडून इंचभर ठेवायची, फोटोचा कागद वर चिकटवून टाचणीने टोचत जायचं. कागद काढला की भोपळ्यावर ठिपक्यांची रांगोळी तयार. मग साल सोलायची. थोडं खरवडलं की दिव्याचा उजेड मंद नारिंगी येतो, जास्त खरवडलं की पिवळाधमक, आणि साल ठेवली तिथे काळोख. केएफसीवाल्या कर्नल सँडर्सची पांढरी दाढी यात झटकन जमते. लहान मुलांनी त्यांना रस्त्याच्या पलीकडून ओळखलं.

खरी कसोटी होती मुष्टियोद्धे मुहम्मद अलींची. १९४२ साली याच शहरात जन्मलेला माणूस, आता आमचा विमानतळसुद्धा त्यांच्या नावाचा. त्यांचा चेहरा चुकला तर लुईव्हिल माफ करणार नाही. आणि नुसतं साम्य साधण्याचाही प्रश्न नव्हता. सावळ्या कातडीसाठी साल तशीच ठेवली, तर दिवा लावल्यावर चेहरा नाहीसा होतो, उरतात फक्त डोळे आणि दात. या देशात कृष्णवर्णीयांची नेमकी अशीच चित्रं काढून वर्षानुवर्षं टवाळी झाली आहे. मला तर हात लावायचीच भीती वाटत होती. तुम्ही फोटो खिडकीशी नेलात आणि विचारलंत, “उजेड कुठून पडलाय?” मी म्हटलं, डावीकडून. “मग कातडीचा रंग विसर. उजेड पडलाय तेवढंच कोर.” कपाळ, गालाचं हाड, नाकाचा कणा, खालच्या ओठाची कड. दिवा लागला आणि तरणाबांड अली समोर उभा! काका, चित्रकलेच्या इतक्या तासांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

अल्बर्टा जोन्सबद्दल तर जास्तच ऋणी आहे. यादीत त्यांचं नाव नव्हतं. अलींची माहिती वाचून दाखवताना त्यांचा उल्लेख आला. अलींच्या पहिल्या व्यावसायिक कराराची बोलणी करणारी ही कृष्णवर्णीय वकील. मतदान यंत्रं भाड्याने आणून आपल्या लोकांना मत कसं द्यायचं ते शिकवायच्या, पुढे इथल्या सरकारी वकील झाल्या. ऑगस्ट १९६५ मध्ये त्यांचा खून झाला, मृतदेह ओहायो नदीत सापडला. आजवर कुणालाही शिक्षा झालेली नाही. तुम्ही कोरणी खाली ठेवलीत आणि म्हणालात, “हिला घ्यायचंच.” एक भोपळा शिल्लक होता, तो त्यांचा झाला.

त्यांचे डोळे तुम्ही मला करू दिले नाहीत, ते बरंच केलंत. बुबुळांची साल राखून प्रत्येकात टाचणीच्या टोकाएवढं एकच आरपार भोक पाडलंत, किंचित वरच्या बाजूला. मूर्तीला आखणी झाल्यावर जे होतं म्हणतात, ते मी तेव्हा पाहिलं. प्रदर्शनात बरेच जण ‘ह्या कोण?’ म्हणून खालची पाटी वाचत होते. एक आजी मात्र पाटी न वाचताच नाव बोलल्या आणि बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या.

कापलेल्या कडांना व्हॅसलीन, मेणबत्तीऐवजी एलईडी, उन्हात भोपळे आत, हे सगळं पाळूनही चार-पाच दिवसांत चेहरे मऊ पडून बुरशी धरली. तुम्हाला त्याचं वाईट वाटलं नाही. विसर्जनाची सवय असणार. मला मात्र वाईट वाटलं. काकूंनाही नमस्कार सांगा. कोरायचे भोपळे पाणचट म्हणून त्यांनी मुद्दाम छोटे गोड भोपळे आणून घारगे केले, म्हणून रात्री जागणारे आमचे सगळे हात टिकले.

पुढच्या वर्षी लुई ब्रँडाइस घ्यायचे ठरलंय. जन्म इथलाच, १८५६ चा, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले पहिले ज्यू न्यायमूर्ती. केस पार विस्कटलेले आहेत. त्यांना कोणती कोरणी लावू, बारीक की चपटी? फोटो सोबत पाठवते आहे. उजेड या वेळी उजवीकडून आहे.

तुमची,
लेकीच्या शेजारची