कुलुसुकच्या आक्कांना

आक्का,
साष्टांग नमस्कार वि. वि.

तुमच्या नातीने लिहून दिलेल्या पत्त्यावर या पत्राचा इंग्रजी तर्जुमा वेगळा पाठवते आहे. तरी हे सगळ्यांसमोर, मराठीत लिहिते. आइसलँडला येणारी आपली माणसं हल्ली सकाळी ग्रीनलँडला जाऊन संध्याकाळी परत येतात, तुमचं कुलुसुक गाव 'करून'. मीही तशीच आले होते. तुमच्या गावात चालायचं कसं ते मला तुम्ही दाखवलंत, त्यांनाही कळू दे.

रेक्याविकहून जेमतेम दोन तासांत आमचं विमान खडीच्या धावपट्टीवर उतरलं. ती पट्टी अमेरिकनांनी 1956 साली आपल्या रडारसाठी बांधलेली. रडार कधीच गेलं, धावपट्टी तुमच्या कामाला आली. तिथून गाव तीनेक किलोमीटर. "मस्त रपेट आहे, वाटाड्या कशाला?" असं तिकीट काढून देणाऱ्याने सांगितलं होतं. खडीचा रस्ता, जुलै असूनही कडेला बर्फ, खाली पाण्यात हिमनग. आर्क्टिक वृत्त अजून शंभरेक किलोमीटर उत्तरेला आहे, हे मला घरी येऊन नकाशा पाहिल्यावर कळलं. मी मात्र सगळ्यांना आर्क्टिकला गेले असंच सांगते.

गावाच्या तोंडाशीच ते पिल्लू लोळत माझ्या पायाशी आलं. आमच्या दापोलीच्या मोतीसारखंच गुबगुबीत. ते परत आईकडे पळालं आणि मी त्याच्यामागे वाकून दोन पावलं गेले. तेवढ्यात मागून कोणीतरी माझ्या जाकिटाची टोपी धरून मला खस्सकन ओढलं. साखळीला हिसका देऊन कुत्री झेपावली ती माझा गुडघा होता तिथेच. तुम्ही एकच शब्द बोललात. त्याचा अर्थ मला कोणी सांगावा लागला नाही.

मग तुम्ही रागावला नाहीत. बुटाच्या टोकाने जमिनीवर दाखवलंत: साखळी जिथवर पोचते तिथवर माती घासून गुळगुळीत गोल झाली होती, पलीकडे गवत. गवतावरून चालायचं, गोलात शिरायचं नाही. एवढं साधं! पिल्लं मोकळी सुटतात, मोठी कुत्री बांधलेली. ही दारातली कुत्री नव्हेत, समुद्र गोठला की शिकारीची स्लेज ओढणारी. पूर्व किनाऱ्यावर दुसऱ्या जातीचं कुत्रं आणायलाच बंदी आहे, हे तुमच्या नातीने शाळेतल्या इंग्रजीत समजावलं.

तुम्ही पाणी भरायला निघाला होतात. घरात नळ नाही, गावाच्या पाणीघरातून कॅन भरून न्यायचे. एक कॅन मी उचलला. विहिरीचं पाणी ओढण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय, तेवढं तरी जमलं.

वाटेत ते कब्रस्तान लागलं. दगडांचे ढीग, पांढरे क्रूस, प्लॅस्टिकची फुलं, आणि एकाही क्रूसावर नाव नाही. मी कॅमेरा उचललेला पाहून तुम्ही मान हलवलीत, मी तो पिशवीत टाकला. नाव का नाही, असं विचारलं तर नातीने सांगितलं, नाव इथे राहत नाही, ते नव्या बाळाकडे जातं. आणि मग तुम्ही धाकट्या नातवाकडे बोट दाखवलंत. पाच वर्षांचा, नाक गळतंय, दगड भिरकावतोय. त्याला तुमच्या गेलेल्या यजमानांचं नाव, म्हणून तुम्ही त्याला 'नवरा' म्हणता!

मला माझी आई आठवली. माझ्या भावाला आजोबांचं नाव ठेवलेलं. सासऱ्याचं नाव तोंडी कसं घ्यायचं? तिने जन्मभर त्याला 'बाळ्या' म्हणूनच हाक मारली, चिडली तरी नाव नाही घेतलं. नातीने हे तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही माझ्या पाठीत असा धपाटा घातलात की कॅन हिंदकळला.

दुपारी धुकं उतरलं, विमान आलं नाही. तुम्ही मला विचारलंही नाही, सरळ घरी नेलंत. मालाचं जहाज तुमच्याकडे बर्फ सरल्यावर उन्हाळ्यातच येतं, हे ठाऊक असून तुमची कॉफी मी तीन कप प्यायले, त्याची अजून लाज वाटते. ताटलीत वाळवलेले मासे आले, बोटभर, चंदेरी: अम्मास्सात. पलीकडच्या तासिलाकचं जुनं नाव अम्मास्सालिक याच माशावरून पडलं. वास आला आणि मला हर्णैच्या वाळत घातलेल्या बोंबलांची आठवण झाली. सीलच्या चरबीचा तुकडा मात्र मी पाण्याबरोबर गिळला. तुम्ही पाहिलंत, मला माहीत आहे.

सकाळी निघताना मी देवमाशाच्या दाताचा तुपिलाक, म्हणजे कोरलेला भुताचा छोटा पुतळा, विकत मागितला. तुम्ही तो मागे सरकवून रेनडिअरच्या शिंगाचा पुढे केलात. दाताचा देशाबाहेर नेता येत नाही, हे मला विमानतळावरची पाटी वाचून कळलं.

कुयानाक, आक्का. आभार!

तुमच्या 'नवऱ्या'साठी लोकरीची टोपी विणली आहे, निळी. डोक्याचं माप अंदाजाने धरलंय. सैल झाली तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत ठेवून द्या.