स्विंडनचं दप्तर उघडून देणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,
सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही ‘पुरे गो’ म्हणता आणि विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलंय, ते पाळते. इथली मराठी मंडळी ओळखतीलच. बाकीच्यांना एवढंच सांगते की काकू मूळच्या सावंतवाडीच्या. लग्न होऊन इंग्लंडमधल्या स्विंडनला आल्या आणि इथल्याच झाल्या. निवृत्तीनंतर मध्यवर्ती वाचनालयातल्या स्थानिक इतिहासाच्या दालनात त्या स्वयंसेवक म्हणून बसतात आणि ‘आमच्या घराचा इतिहास मिळेल का हो?’ असं विचारत येणाऱ्यांना वाटेला लावतात. मीही त्यातलीच एक.

मला आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी आमच्या गल्लीवर लेख लिहायचा होता. साधी लाल विटांची, भिंतीला भिंत लागून असलेली घरं. इंटरनेटवर स्विंडन शोधलं की इथली रेल्वे बांधणारा अभियंता ब्रुनेल येतो, तिच्या इंजिनांचा कारभारी डॅनियल गूच येतो, १८४३ साली सुरू झालेला ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा कारखाना येतो, १९८६ साली त्याला लागलेलं टाळं येतं आणि मग तेच पुन्हा पहिल्यापासून. आमच्या गल्लीत राहत कोण होतं, हे कुठेच नाही. मी तुम्हाला पुस्तकांची यादी मागितली. तुम्ही यादी दिली नाहीत, उलट मलाच विचारलंत, ‘कागद हातात इलो की पयला काय विचारशीत? ह्यो कागद कोणी लिवल्यान, आणि कोणाच्या खिशात हात घालूक?’

कागद कुणी लिहिला आणि कुणाकडून पैसे काढायला: काकू, या एका प्रश्नाबद्दल हे पत्र आहे.

तुम्ही पहिल्यांदा दाखवलात तो धर्मदशांशाचा नकाशा. चर्चला उत्पन्नाचा दहावा हिस्सा धान्यात, लोकरीत, कोकरांत द्यायची जुनी रीत १८३६च्या कायद्यानं मोडली आणि त्याची रोख रक्कम ठरवायची झाली. कुणी किती द्यायचं हे ठरायला आधी जमीन मोजायला हवी, म्हणून गावोगावचे नकाशे निघाले. सोबतच्या तक्त्यात शेताचा क्रमांक, मालक, कसणारा, शेताचं नाव, नांगरट की कुरण, क्षेत्र. मी म्हटलं, ‘हा तर सातबारा!’ तुम्ही हसलात, पण ते पटलं असावं, कारण नंतर एका गुजराती आजोबांना तुम्हीही तेच सांगताना मी ऐकलंय. टेकडीवरचं जुनं गाव, तिथे १५६३पासून जमीनदारी असलेलं गॉडार्ड घराणं, आणि खाली उतरलं की शेतंच शेतं. आमची गल्ली आज जिथे आहे तिथे एक कुरण होतं. चर्चला त्या कुरणाचे पैसे हवे होते म्हणून आज मला त्याचं नाव माहीत आहे.

मग गल्ल्यांच्या जुन्या-नव्या नावांची वही करणं. हे काम तुम्ही जनगणनेच्याही आधी करायला लावलंत. तेव्हा मला ते वेळकाढू वाटलं होतं, आता मी दुसऱ्यांना करायला लावते. कंपनीनं कामगारांसाठी बांधलेल्या रेल्वे व्हिलेजमधल्या गल्ल्यांना ब्रिस्टल, एक्सटर, टॉन्टन, लंडन, रीडिंग अशी रेल्वेमार्गावरच्या गावांची नावं आहेत. जुन्या कागदांत तिथे ‘बाथ स्ट्रीट’ सापडते. आजच्या नकाशात शोधत बसलं तर रेल्वे व्हिलेजमध्ये ती नाहीच, कारण तिची बाथॅम्प्टन स्ट्रीट झाली. तिथल्या हाय स्ट्रीटचा एम्लिन स्क्वेअर झाला, आणि वर टेकडीवर जुन्या गावात आणखी एक हाय स्ट्रीट होतीच. टेकडीवरचं आणि रुळांकडचं अशी दोन स्विंडनं १९००मध्ये एक झाली, तोवर दोघांचा कारभार वेगळा आणि कागदही वेगळे. ती वही नसती तर खालच्या गावातली माणसं मी वरच्या गावात शोधत बसले असते.

जनगणनेबद्दल तुम्ही थोडक्यात सांगितलंत, पण नेमकं. १८४१च्या जनगणनेवर फार भिस्त ठेवू नये. मोठ्या माणसांची वयं पाचाच्या पाढ्यात खाली ओढलेली असतात आणि जन्म कुठला विचाराल तर याच परगण्यातला की नाही, एवढंच. १८५१पासून जन्मगाव येतं, कुटुंबप्रमुखाशी नातं येतं, आणि मग खरी गंमत. तुमचं बोट जन्मगावाच्या रकान्यावरून खाली सरकत होतं. १८६१मध्ये कारखान्यात रूळ घडवायची गिरणी सुरू झाली आणि तिच्यासाठी वेल्समधून लोखंडाचे कारागीर आले. त्यानंतरच्या जनगणनेत केंब्रिया प्लेसच्या घरांत तो रकाना घरामागून घर वेल्सकडे बोट दाखवत जातो. त्यांनी आपलं चर्चही बांधलं. तुम्ही म्हणालात, ‘बघ, हे पण आपल्यासारखेच. आधी पोटापाण्याला आले, मग देऊळ काढलं.’

१९२१च्या जनगणनेत आणखी एक रकाना आहे, नोकरी कुणाकडे करता याचा. २०२२च्या जानेवारीत ती खुली झाली. आमच्या गल्लीचं पान मी वाचनालयातल्या संगणकावर उघडलं तर त्या रकान्यात ग्रेट वेस्टर्न रेल्वे, ग्रेट वेस्टर्न रेल्वे, ग्रेट वेस्टर्न रेल्वे. बाप, दोन मुलगे, वरच्या खोलीतला भाडेकरू. प्रत्येक घराचा तक्ता त्या घरातल्याच कुणीतरी स्वतः भरलेला, म्हणून हस्ताक्षर घरोघर वेगळं आणि मालक एकच. ‘रेल्वेचं गाव’ हे शब्द मी शंभरदा वाचले असतील. ते कळले त्या रकान्यात.

१९३१ची जनगणना पुढे आगीत जळाली आणि १९४१ची युद्धामुळे झालीच नाही, म्हणून मधली उडी १९३९च्या नोंदवहीवर मारायची. तीही ओळखपत्रं देण्यासाठी केलेली, आणि पुढे रेशनिंगलाही तीच उपयोगी पडली. तिच्यात हयात असू शकतील अशा माणसांच्या ओळींवर काळी पट्टी असते. ती पट्टी दिसली की तुम्ही ‘असूंदे हो, जगूंदेत’ म्हणता. हे इथे लिहिल्याबद्दल रागावू नका.

आता चिपनहॅम. विल्टशर आणि स्विंडनचं अभिलेखागार तिथे आहे हे मला माहीतच नव्हतं. आपल्या गावाचे कागद दुसऱ्याच गावी असतात, ही गोष्ट नवख्याला कुणीतरी सांगावी लागते. ब्रुनेलच्याच रुळांवरून गाडीनं जायचं, पिशवी कपाटात ठेवायची, पेन आत न्यायचं नाही, पेन्सिल चालते. जुनी वही स्पंजच्या उतरत्या उशीवर ठेवायची आणि पान मिटू नये म्हणून त्यावर कापडात शिवलेली वजनाची माळ टाकायची. पहिल्या भेटीसाठी तुम्ही मला एकच ओळ लिहून दिली होतीत: ‘नवीन गावाच्या लोकल बोर्डाकडे मंजुरीला आलेले बांधकामाचे नकाशे’. १८६४मध्ये इथे गावाचा कारभार बघणारी लोकल बोर्डं आली. त्यानंतर घर बांधणाऱ्याला बोर्डापुढे नकाशा ठेवावा लागे. आमच्या ओळीचा नकाशा कापडावर चिकटवलेला निघाला. विटांच्या भिंती गुलाबी रंगवलेल्या, परसातल्या संडासापासून मागच्या बोळापर्यंत मोरीची रेघ. खोल्यांपेक्षा मोरीच जास्त काळजीनं काढलेली. बोर्डाला घराशी देणंघेणं नव्हतं, सांडपाण्याशी होतं. त्या मोरीच्या रेघेमुळे माझं स्वयंपाकघर मुळात किती लहान होतं ते मला समजलं.

आणि मग गरिबांचे कागद. इथे मी हटून बसले होते, कारण लेख कामगारांच्या गल्लीवर होता आणि मला वाटत होतं की टेकडीवरच्या जुन्या कागदांचा त्याच्याशी काही संबंध नाही. तुम्ही म्हणालात, बाई कुठे सापडते ते बघायचं असेल तर चल. मतदारयादीत ती नाही, व्यापाऱ्यांच्या डिरेक्टरीत क्वचित, जनगणनेत असली तरी धंद्याचा रकाना बहुतेक रिकामा. ती सापडते तिच्यावर खर्च करायची कुणाची तयारी नसते तेव्हा. १६६२च्या कायद्यानुसार गरिबाला पोसायची जबाबदारी त्याच्या ‘हक्काच्या’ पॅरिशची, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावाची. त्यामुळे कुणी मदत मागितली की पॅरिशची मंडळी त्याला न्यायाधीशांपुढे उभं करून खोदून खोदून विचारत: जन्म कुठला, बाप कुठला, नोकरी कुठे केलीस, सलग वर्षभर टिकलीस का, दहा पौंड भाड्याचं घर कधी घेतलं होतंस का. हेतू एकच, ही ब्याद दुसऱ्या गावाच्या गळ्यात घालायची. पण त्या कटकटीतून एखाद्या मोलकरणीचं सगळं आयुष्य अर्ध्या पानात उतरलंय, खाली सहीऐवजी फुली. लॉर्डांच्या घराण्यांचे पेटारे भरून कागद आहेत, पण इतकं थेट कुणीच बोलत नाही. तो कागद वाचून मी बाहेर आले तेव्हा तुम्ही काही विचारलं नाहीत, जिना उतरून सरळ स्टेशनची वाट धरलीत. बरं केलंत.

वर्तमानपत्रांची युक्ती तर मी आता स्वतःची म्हणून खपवते. ‘स्विंडन ॲडव्हर्टायझर’ १८५४पासून आहे. फिल्मवर बघा नाहीतर संगणकावर शोधा, पण यंत्राला जुना छाप नीट वाचता येत नाही आणि माणसांची नावं हमखास बिघडतात. तुमचा सल्ला असा की माणूस शोधू नको, कोपऱ्यावरचा पब शोध. अपघाती मृत्यूची चौकशी तिथे बसायची, लिलाव तिथे व्हायचा, क्लबची सभाही तिथेच. पबच्या नावानं शोधलं आणि आमच्या गल्लीतली अर्धी माणसं रांगेनं बाहेर आली. एकाचं घरसामान लिलावात निघालं होतं. जाहिरातीत पितळी पलंगापासून शिवणयंत्रापर्यंत यादी.

एक गोष्ट लेखात बसली नाही, ती इथे लिहिते. आल्फ्रेड विल्यम्स याच कारखान्यात घणावर काम करणारा माणूस. १९१५मध्ये त्याचं कारखान्यातल्या आयुष्यावरचं पुस्तक आलं. लॅटिन आणि ग्रीक तो स्वतःच शिकला. भट्टीजवळच्या लोखंडावर खडूनं ग्रीक अक्षरं गिरवायचा म्हणतात. पहिल्या महायुद्धात सैनिक म्हणून भारतात गेला, परत आल्यावर संस्कृत शिकला आणि पंचतंत्रातल्या कथा इंग्रजीत आणल्या. ते पुस्तक १९३०मध्ये निघालं, आणि तोही त्याच वर्षी गेला, गरिबीत. शाळेत संस्कृतचे गुण मिळवून ती भाषा विसरलेल्या माझ्यासारखीला हे तुमच्याकडून कळावं, तेही स्विंडनमध्ये!

तुमचं सगळंच मला पटतं असं नाही हं. हवाई छायाचित्रांना तुम्ही ‘चित्रं बघणं’ म्हणता. जुन्या वास्तू जपणाऱ्या हिस्टॉरिक इंग्लंड या संस्थेचा छायाचित्रसंग्रह रेल्वेच्याच जुन्या इमारतीत, आपल्या गावात आहे. विमानातून काढलेल्या जुन्या फोटोंत कारखान्याच्या छपरांच्या रांगा बघितल्याशिवाय, जनगणनेत दिसणारी ती सगळी माणसं सकाळी भोंगा वाजला की कुठे जात होती याचा अंदाज मला तरी आला नसता. त्या कागदात कुणाचा खिसा आहे ते मी अजून शोधते आहे, तो भाग तुमचा बरोबर.

आता मुद्द्याचं. आज या गल्लीतली निम्मी दारं गोंयकारांची आहेत. गोवा १९६१पर्यंत पोर्तुगालकडे, म्हणून पोर्तुगीज पासपोर्ट, म्हणून युरोप, म्हणून स्विंडनची गोदामं आणि कारखाने. त्यांचे कागद तुमच्या प्रश्नाला लावून पाहिले: भाडेकरार, कौन्सिल टॅक्स, पगाराच्या पावत्या. यातलं वाचनालयात काहीच जात नाही. केंब्रिया प्लेसच्या वेल्श माणसांचा निदान जन्मगावाचा रकाना तरी आहे. तुम्ही रविवारच्या कोकणी मिसेनंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, बायकांना गाठून, त्यांची परवानगी घेऊन, मालवणी-कोकणीत ज्या गप्पा ध्वनिमुद्रित करताय त्याबद्दल तुम्ही कुणाला बोलत नाही, म्हणून मी बोलते. त्यात कुणी कुणाच्या खिशात हात घातलेला नाही.

ते सगळं ऐकून उतरवायचं काम तुमच्या एकटीच्यानं होणार नाही. कोकणी मला अर्धीच कळते, पण टंकायचा वेग बरा आहे, आणि सावंतवाडीचे शब्द अडले तर विचारायला तुम्ही आहातच. पहिल्या चार फाइली पाठवून द्या. आमच्या ओळीतल्या कोपऱ्यावरच्या घराचा घरपट्टीच्या वहीतला दाखलाही अजून सापडलेला नाही, तो बघायला पुढच्या महिन्यात चिपनहॅमला जाते आहे. येणार असाल तर तिकीट दोघींचं काढते.

आपली,
तुमच्या दालनातली विद्यार्थिनी