मधली गप्प जागा

लीड्स,
रविवार, सकाळ

लाडके सुमे,

परवा फोनवर म्हणालीस, "ताई, घरी आले तरी वॉर्डातला मॉनिटर कानात वाजतोय." दोन दिवस ते डोक्यातनं गेलं नाही. माझंही तेच आहे गं. बारा तासांची नाइट करून आले की शेजारच्या मायक्रोवेव्हची टिं-टिं ऐकूनसुद्धा मी दचकून उठते.

आषाढी एकादशीला आपल्या सोप्यात आबांच्या मंडळाचं भजन झालं, ते तू रेकॉर्ड करून पाठवलं होतंस. आता ड्युटीवरनं आले की तेच लावते. युनिफॉर्म बदलते, पडदे ओढते आणि सतरंजीवर आडवी होते. बुधवारी मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजली, 96 होती. भजन संपलं तेव्हा 74. नुसतं पडूनही उतरली असती, असं तू म्हणशील. पण नुसतं पडलं की माझ्या डोक्यात हँडओव्हर, म्हणजे पुढच्या सिस्टरला पेशंट सोपवणं, सुरू होतो: सहा नंबरचं इंजेक्शन दिलं का, चार्टवर सही केली का. पेटी लागली की तो थांबतो.

त्यात एक जागा आहे. पहिला अभंग संपतो, आबा भाता सोडतात, टाळ गप्प होतात. कुणीतरी खाकरतं, आईच्या बांगड्या वाजतात, मग पुन्हा सूर. त्या गप्प जागेत माझा श्वास सगळ्यात खोल जातो. मला वाटायचं, हे मनाचे खेळ. पण 2006 साली इटलीच्या बर्नार्डी नावाच्या संशोधकांनी 24 जणांना वेगवेगळं संगीत ऐकवून त्यांची नाडी, रक्तदाब आणि श्वास मोजले होते. जलद लयीला ते वाढले, आणि मध्ये सोडलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत सुरुवातीपेक्षाही खाली आले. वाचून मी आबांनाच हात जोडले.

तू भजनच ऐक असं नाही. 1994 मध्ये अमेरिकेत 50 सर्जन लोकांना अवघड वजाबाक्या घालून तपासलं होतं. स्वतः निवडलेलं संगीत चालू असताना त्यांची नाडी आणि रक्तदाब कमी चढले, गणितंही जास्त बरोबर आली. दुसऱ्यानं निवडून दिलेल्या संगीताचा तेवढा गुण आला नाही. तेव्हा तुला ढोलकीच आवडत असेल तर ती लाव, फक्त झोपायच्या आधी नको, ड्युटीला निघायच्या आधी. आणि दसरा चौकातनं गाडी चालवताना कानात काही घालायचं नाही. वॉर्डात तर नाहीच, अलार्म ऐकू यायला पाहिजे.

अजून एक. तुझ्या एकटीवर रात्री तीस पेशंट टाकतात, त्यावर गाणं हे औषध नव्हे. ते इन्चार्ज सिस्टरना लेखी दे, तारखेसकट, आणि एक प्रत आपल्याजवळ ठेव. तोंडी सांगून काही होत नाही, हे मी इथंही बघितलंय. गाणं घरी आल्यावरच्या तासासाठी. तो तास तरी आपला असू दे.

पुढच्या एकादशीला पुन्हा रेकॉर्डिंग कर. फोन पेटीजवळ नको, उंबऱ्यावर ठेव, म्हणजे टाळही येतील आणि आईही. आणि दोन अभंगांच्या मधलं काही कापू नकोस. मागच्या वेळी एक जागा कापलीस, मला लगेच कळलं.

आई-आबांना नमस्कार सांग.

तुझी,
ताई